विमानाखालची पाटी

१२ ऑगस्ट २०२५ रोजी अमेरिकेच्या अध्यक्षीय कार्यालयाने वॉशिंग्टन येथील स्मिथसोनियन संस्थेला एक पत्र धाडले. संस्थेच्या आठ वस्तुसंग्रहालयांतील प्रदर्शने, त्यांखालील मजकूर आणि पुढील योजना यांची छाननी करण्यात येणार आहे, असे त्यात कळविण्यात आले होते. त्या आठांच्या यादीत राष्ट्रीय विमान व अवकाश संग्रहालयाचेही नाव होते. गुलामगिरीच्या किंवा त्या खंडातील मूळ रहिवाशांच्या इतिहासावरून सत्ताधारी आणि इतिहासकार यांच्यात खटके उडावेत, हे समजण्यासारखे आहे. परंतु विमाने आणि अग्निबाण यांच्याबाबत वाद घालण्यासारखे काय असणार, असा प्रश्न सामान्य वाचकाला पडल्यावाचून राहणार नाही. विमान हे यंत्र आहे. त्याची लांबी फुटपट्टीने मोजता येते, वजन काट्यावर करता येते, वेग घड्याळ लावून सांगता येतो. मग छाननी कशाची?

प्रश्न स्वाभाविक आहे. पण त्यामागचे गृहीत बरोबर नाही. लोखंडाचे आणि लाकडाचे यंत्र स्वतः काहीच बोलत नाही. ते कोणी केले, कधी केले, त्याने काय साधले आणि त्यापायी कोणाला काय सोसावे लागले, हे सारे त्याखालची पाटी बोलते. संग्रहालयाच्या छताला टांगलेले विमान पाहण्यास माणसे येतात. घरी जाताना बरोबर नेतात ती मात्र पाटीवरची दोन वाक्ये. म्हणून त्या दोन वाक्यांवर ताबा कोणाचा, हा प्रश्न विद्वानांपुरता मर्यादित राहत नाही. प्रस्तुत संग्रहालयाच्या इतिहासात या पाटीवरून निदान तीन मोठे प्रसंग उद्भवले. ते तिन्ही आपण लक्षपूर्वक पाहावेत असे आहेत, कारण त्यांतून निघणारा धडा केवळ अमेरिकेपुरता नाही. तो मुंबईला, पुण्याला आणि गोव्यालाही लागू पडतो.

प्रथम या संस्थेची थोडी ओळख करून दिली पाहिजे. राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांच्या सहीने झालेल्या कायद्यान्वये १९४६ साली तिची ‘राष्ट्रीय विमान संग्रहालय’ म्हणून स्थापना झाली. १९६६ साली नावात ‘अवकाश’ हा शब्द आला आणि अमेरिकेच्या स्वातंत्र्याची द्विशताब्दी साजरी होत असताना १ जुलै १९७६ रोजी वॉशिंग्टनची प्रशस्त इमारत लोकांना खुली झाली. त्या वेळी संचालकपदी होते मायकेल कॉलिन्स. आर्मस्ट्राँग आणि ऑल्ड्रिन चंद्रावर उतरले असता चंद्राभोवती एकट्याने घिरट्या घालीत राहिलेला तो तिसरा अंतराळवीर. २०१८ साली या इमारतीचे नूतनीकरण सुरू झाले आणि ऑक्टोबर २०२२ पासून तिची दालने टप्प्याटप्प्याने पुन्हा खुली होऊ लागली. प्रवेशासाठी एक पैसाही द्यावा लागत नाही, ही गोष्ट शिक्षकांनी विशेष लक्षात घ्यावी.

आतील वैभवाचे वर्णन करू लागल्यास स्तंभ पुरणार नाहीत. राइट बंधूंचे १९०३ सालचे विमान येथे आहे. त्याचे पहिले उड्डाण १२० फुटांचे झाले. पुढच्या पिढीतील जंबो जेटच्या पंखांचा नुसता विस्तारच त्याहून बराच जास्त भरतो. मे १९२७ मध्ये साडेतेहतीस तास एकट्याने विमान हाकीत न्यूयॉर्कहून पॅरिस गाठणाऱ्या लिंडबर्गचे ‘स्पिरिट ऑफ सेंट लुइस’ येथे आहे. पेट्रोलची मोठी टाकी पुढे बसविल्यामुळे वैमानिकाला समोरचे थेट दिसतच नसे. बाजूच्या खिडकीतून आणि एका परिदर्शकातून पाहून त्याने अटलांटिक महासागर ओलांडला. अपोलो ११ चे ‘कोलंबिया’ हे यान येथे आहे. चंद्राहून परतताना ते सेकंदाला सुमारे अकरा किलोमीटर वेगाने पृथ्वीच्या वातावरणात शिरले, आणि त्याच्या तळाच्या उष्णतारोधक कवचावर त्या दाहाचे व्रण आजही दिसतात. २०१६ साली त्या यानाच्या अंतर्भागाची यंत्राद्वारे बारकाईने चित्रे घेण्यात आली, तेव्हा आतील भिंतींवर अंतराळवीरांनी हाताने केलेल्या नोंदी उजेडात आल्या. त्यांत एक लहानसे कॅलेंडर काढलेले आहे. उलटलेल्या दिवसांवर फुल्या मारलेल्या आहेत. कोणत्याही कचेरीतील कारकुनाने आपल्या टेबलावर कराव्यात तशा! अपोलो १७ च्या यात्रिकांनी डिसेंबर १९७२ मध्ये आणलेल्या चंद्रशिलेचा एक तुकडाही येथे असा ठेवला आहे की, येणाऱ्या-जाणाऱ्याने त्याला बोट लावावे. जवळजवळ चार अब्ज वर्षे वयाचा तो दगड असंख्य बोटांच्या स्पर्शाने गुळगुळीत झाला आहे.

तथापि या वैभवातील पहिलेच रत्न संग्रहालयाला पंचेचाळीस वर्षे उशिरा मिळाले, आणि तो उशीर एका खोट्या पाटीमुळे झाला, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

राइट बंधूंचा वनवास

३० मे १८९९ रोजी विल्बर राइट यांनी डेटन गावाहून याच स्मिथसोनियन संस्थेला पत्र लिहून उड्डाणशास्त्रावरील छापील साहित्य मागविले होते. संस्थेने ते तत्परतेने पाठविलेही. सायकली दुरुस्त करणाऱ्या दोघा भावांना एका सरकारमान्य संस्थेने असे उत्तर द्यावे, ही तिच्या दृष्टीने भूषणाचीच गोष्ट होती. त्या वेळी संस्थेचे प्रमुख होते सॅम्युअल लँगली. हे स्वतः मान्यवर शास्त्रज्ञ. ६ मे १८९६ रोजी त्यांनी वाफेच्या यंत्रावर चालणारी निर्मनुष्य प्रतिकृती पोटोमॅक नदीवर अर्ध्या मैलाहून अधिक उडवून दाखविली होती. पुढे युद्धखात्याने दिलेल्या पन्नास हजार डॉलरांच्या साहाय्याने त्यांनी माणूस वाहून नेणारे मोठे विमान बांधले. ७ ऑक्टोबर आणि ८ डिसेंबर १९०३ या दोन्ही दिवशी ते उडविण्याचा प्रयत्न झाला आणि दोन्ही वेळा ते नदीत कोसळले. दुसऱ्या अपयशानंतर अवघ्या नऊ दिवसांनी, १७ डिसेंबर रोजी, किटी हॉकच्या वाळूवर ऑर्व्हिल राइट बारा सेकंद उडाले. त्याच दिवशीच्या चौथ्या उड्डाणात विल्बर यांनी ५९ सेकंदांत ८५२ फूट अंतर काटले.

लँगली १९०६ साली निवर्तले. त्यांच्या अनुयायांना आपल्या दिवंगत प्रमुखाचे यश हवे होते. १९१४ साली त्यांनी लँगलींचे विमान नव्याने बांधून उडविण्याचे काम ग्लेन कर्टिस यांच्याकडे दिले. पेटंटभंगाबद्दल राइट कुटुंबाने ज्यांच्याविरुद्ध फिर्याद लावली होती, तेच हे कर्टिस! त्यांनी विमानात अनेक महत्त्वाचे फेरफार केले, ते पाण्यावरून थोडे उचलून दाखविले, आणि संस्थेने जाहीर केले की, लँगली यांचे विमान उडण्यास समर्थच होते. नंतर फेरफार काढून टाकून ते मूळ रूपात प्रदर्शनात मांडले गेले, आणि मनुष्यासह स्थिर उड्डाण करू शकणारे जगातील पहिले विमान, अशी पाटी त्याखाली लागली. झालेल्या फेरफारांचा उल्लेख कोठेही नव्हता.

विल्बर १९१२ मध्येच वारले होते. एकट्या ऑर्व्हिलने या पाटीविरुद्ध वर्षानुवर्षे पत्रे लिहिली. यश येईना, तेव्हा १९२८ साली त्याने आपले विमान खोक्यांत भरून लंडनच्या विज्ञान संग्रहालयात पाठवून दिले. अमेरिकेतील सर्वांत मोलाचे यंत्र वीस वर्षे परदेशात राहिले. अखेर १९४२ साली स्मिथसोनियनचे प्रमुख चार्ल्स अॅबट यांनी लँगलींच्या मूळ विमानात आणि १९१४ साली उडविलेल्या विमानात कोणकोणते फरक होते, त्यांची तपशीलवार यादी छापली, झालेल्या गोष्टींबद्दल खेद व्यक्त केला आणि संस्थेची जुनी विधाने मागे घेतली. ऑर्व्हिल जानेवारी १९४८ मध्ये वारले. त्याच वर्षी १७ डिसेंबरला, पहिल्या उड्डाणाच्या पंचेचाळिसाव्या वाढदिवशी, ते विमान वॉशिंग्टनला समारंभपूर्वक विराजमान झाले.

या प्रकरणात संस्थेने पैसा खाल्ला नव्हता किंवा कोणाचे विमान चोरले नव्हते. आपल्या माणसाबद्दलचा आदर हाच तिचा दोष होता. आदरणीय गुरूला मोठेपणा मिळावा म्हणून सभ्य, सुशिक्षित माणसांनी एक महत्त्वाची माहिती पाटीवरून वगळली. असत्य नेहमीच दुष्ट हेतूने जन्माला येते असे नाही. भक्तिभावातूनही ते जन्मते, आणि तसे जन्मलेले असत्य उपटणे अधिक अवघड जाते.

गोष्टीचा उत्तरार्धही सांगितला पाहिजे. विमान परत देताना राइट यांच्या वारसांनी संस्थेशी करार केला, आणि त्यात अशी अट घातली की, यापूर्वी दुसरे कोणतेही विमान मनुष्यासह, यंत्राच्या बळावर व नियंत्रित रीतीने उडण्यास समर्थ होते असे संस्थेने कधी म्हटल्यास विमान वारसांकडे परत जाईल. पूर्वी अन्याय झालेला असल्यामुळे या अटीमागची भावना कोणालाही समजेल. पण तत्त्व म्हणून पाहता हा प्रकारही निर्दोष नव्हे. राइट बंधूंचे श्रेय कराराच्या कागदावर अवलंबून नाही. ते त्यांच्या रोजनिशीवर, प्रयोगांच्या नोंदवह्यांवर, घरी केलेल्या तारेवर, पाच साक्षीदारांवर आणि उड्डाणाच्या नेमक्या क्षणी घेतलेल्या छायाचित्रावर उभे आहे. ज्याच्यापाशी असा पुरावा आहे, त्याला अटीच्या कुंपणाची गरज नसते. उलट कुंपणामुळे शंकेखोरांना एक निमित्त मात्र मिळते.

आज लँगलींचे ते विमानही वॉशिंग्टनजवळच्या उपशाखेत मांडलेले आहे. ते १९०३ मध्ये उडू शकले नाही, हे उघडपणे मान्य करून. त्यामुळे लँगलींची किंमत कमी झाली असे कोणालाही वाटत नाही. १८९६ सालचे त्यांचे खरे यश आता कोणी नाकारीत नाही.

अग्निबाण आणि गुलाम

दुसरा प्रसंग जर्मनीच्या व्ही-२ अग्निबाणाचा. तांत्रिक दृष्टीने पाहता आधुनिक अवकाशयुगाचा हा आद्य पुरुष. जून १९४४ मधील एका चाचणीत तो शंभर किलोमीटरची मर्यादा ओलांडून पुष्कळ वर गेला. मानवाने निर्मिलेली वस्तू अवकाशात पोहोचण्याची ती पहिलीच वेळ. त्याचे शिल्पकार वेर्नर फॉन ब्राउन पुढे अमेरिकेत गेले आणि माणसाला चंद्रावर नेणारा सॅटर्न-५ अग्निबाण त्यांच्याच देखरेखीखाली तयार झाला. तेव्हा व्ही-२ खालच्या पाटीवर इंधन, वजन, पल्ला आणि पुढील थोर परंपरा एवढेच लिहिले, तर त्यातला एकही शब्द खोटा ठरणार नाही.

तरीही ती पाटी अपुरीच ठरते. कारण सप्टेंबर १९४४ पासून हे अग्निबाण लंडन आणि अँटवर्प या शहरांतील नागरी वस्तीवर कोसळले, आणि नॉर्डहाउझेनजवळच्या डोंगराच्या पोटातील ज्या कारखान्यात ते तयार होत, तेथे छळछावणीतील कैदी राबत होते. मिटेलबाउ-डोरा नावाच्या त्या छावणीत आणि तिच्या उपछावण्यांत सुमारे साठ हजार माणसे डांबली गेली. त्यांतील अंदाजे वीस हजार मेली. ज्यांच्यावर अग्निबाण पडले, त्यांच्यापेक्षा ते घडविताना मेलेल्यांची संख्या अधिक भरते, असे इतिहासकार सांगतात. १९९० च्या सुमारास संग्रहालयाने व्ही-२ खालचा मजकूर बदलून या बळींची हकिकत त्यात समाविष्ट केली. येथील अभ्यासक मायकेल न्यूफेल्ड यांनी या विषयावर लिहिलेला ग्रंथ १९९५ साली प्रसिद्ध झाला व तो प्रमाण मानला जातो.

यंत्राचे कौतुक कमी करण्यासाठी ही माहिती दिलेली नाही, हे ध्यानात घ्यावे. अग्निबाणाची कर्तबगारी तेवढीच राहते. परंतु ती पाहणाऱ्या विद्यार्थ्याला हेही कळते की, ज्ञान आणि शहाणपण ही एका गाडीला जोडलेली दोन बैले नव्हेत. एक पुढे जाऊन दुसरे जागीच बसू शकते. इंजिनिअर होऊ पाहणाऱ्या मुलाला अभ्यासक्रमातील कोणत्याही प्रकरणापेक्षा ही पाटी अधिक उपयोगी पडेल.

हिरोशिमाचे विमान

तिसरा प्रसंग सर्वांत कठीण. ६ ऑगस्ट १९४५ रोजी हिरोशिमावर अणुबॉम्ब टाकणारे ‘एनोला गे’ हे विमान याच संग्रहालयाच्या मालकीचे. त्या घटनेला पन्नास वर्षे होत असताना, १९९५ साली, विमानाचा पुढचा भाग मध्यभागी ठेवून एक मोठे प्रदर्शन भरविण्याचे संचालक मार्टिन हार्विट यांनी ठरविले. बॉम्ब टाकण्याचा निर्णय कसा झाला, दुसरे मार्ग होते काय, शहराचे आणि माणसांचे काय झाले, त्यातून अण्वस्त्रस्पर्धा कशी निघाली, हे सर्व त्यात यावयाचे होते. १९९४ साली मसुदा बाहेर आला आणि माजी सैनिकांच्या संघटना खवळून उठल्या. सिनेटने निषेधाचा ठराव केला. जानेवारी १९९५ मध्ये नियोजित प्रदर्शन रद्द झाले. मे महिन्यात हार्विट यांनी राजीनामा दिला. जूनमध्ये जे मांडले गेले, त्यात विमान होते, त्याची दुरुस्ती कशी केली हे होते आणि वैमानिकांच्या आठवणी होत्या, चर्चा नव्हती. २००३ च्या डिसेंबरमध्ये विमान संपूर्ण जोडून नव्या उपशाखेत ठेवण्यात आले, तेव्हा लावलेल्या पाटीवर मृतांचा आकडा असावा, ही बॉम्बमधून वाचलेल्यांची आणि अनेक विद्वानांची मागणी संग्रहालयाने मान्य केली नाही.

येथे दोन्ही पक्षांना न्याय दिला पाहिजे. माजी सैनिकांचे म्हणणे पोकळ नव्हते. युद्ध लांबले असते, तर जपानच्या किनाऱ्यावर उतरावे लागणाऱ्यांत आपणच असतो, ही जाणीव ज्यांनी तरुणपणी उरात बाळगली, त्यांना ते विमान म्हणजे जीवदान वाटले तर नवल नाही. पहिल्या मसुद्यातील काही वाक्ये एकांगी होती. पर्ल हार्बरवरील हल्ला आणि चीनमधील जपानी अत्याचार यांना त्यात पुरेसे स्थान नाही, हा आक्षेप साधार होता. असा मसुदा दुरुस्त करावयास हवा होता, आणि दुरुस्ती चालूही होती. परंतु दुरुस्त करणे वेगळे आणि विषयच मिटवून टाकणे वेगळे. ज्या विमानाने जगाचा इतिहास बदलला, त्याच्यासमोर उभ्या राहिलेल्या मुलाला त्याच्या पंखांची लांबी कळावी आणि त्याखाली किती माणसे जळाली ते कळू नये, याला तटस्थता म्हणता येणार नाही. मौन हेही एक मत असते.

संस्थेचा बराचसा खर्च सरकारी तिजोरीतून होतो. तेव्हा लोकप्रतिनिधींनी विचारणा करू नये काय, असा प्रतिप्रश्न विचारला जातो. विचारणा जरूर करावी. हिशेब मागावा, चुका दाखवाव्यात, अभ्यासकांकडून फेरतपासणी करवून घ्यावी. पण न्यायाधीशाचा पगार सरकार देते म्हणून निकाल सरकारने लिहावयाचा नसतो. शाळेला अनुदान मिळते म्हणून उत्तरपत्रिकांचे गुण खात्यातून ठरविले जात नाहीत. पुरावा तपासून निष्कर्ष काढण्याचे काम ज्यांना नेमून दिले, त्यांचा निष्कर्ष गैरसोयीचा वाटला म्हणून पुसला गेला, तर संग्रहालय आणि जाहिरातीची खिडकी यांत अंतर ते काय उरणार? २०२५ च्या त्या पत्राकडे या दृष्टीने पाहिले पाहिजे.

चौपाटीवरचे उड्डाण

अमेरिकेला उपदेश करणे सोपे आहे. आता आपल्या घराकडे वळू. शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ साली मुंबईच्या चौपाटीवर निर्मनुष्य विमान उडविले, म्हणून विमानाच्या शोधाचे श्रेय राइट बंधूंचे नसून एका मराठी माणसाचे आहे, ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकत आलो. वर्गात ती सांगितली जाते, स्नेहसंमेलनात तिच्यावर भाषणे होतात. २०१५ साली तिच्यावर हिंदी चित्रपटही निघाला. त्याच वर्षी जानेवारीत मुंबई विद्यापीठात भरलेल्या भारतीय विज्ञान काँग्रेसच्या अधिवेशनात प्राचीन भारतीय विमानविद्येवर निबंध वाचला गेला आणि त्यावरून देशभर वादळ उठले.

लँगली प्रकरणात लावलेली कसोटी येथे लावून पाहू. तळपदे ही काल्पनिक व्यक्ती नाही. उड्डाणाच्या विचाराने झपाटलेला तो एक अभ्यासू मुंबईकर होता. परंतु १८९५ च्या त्या उड्डाणाचे छायाचित्र, आराखडा, नोंदवही किंवा ज्याची छाननी करता येईल असा त्या काळातला निर्विवाद पुरावा आजवर पुढे आलेला नाही. ज्या ‘वैमानिक शास्त्रा’चा या संदर्भात हवाला दिला जातो, त्याचा अभ्यास बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील पाच शास्त्रज्ञांनी १९७४ सालीच केला. तो ग्रंथ प्राचीन नसून विसाव्या शतकाच्या आरंभीचा आहे आणि त्यात वर्णिलेली विमाने उडण्यास असमर्थ आहेत, असा त्यांचा निर्वाळा आहे. हे शास्त्रज्ञ परकीय नव्हते किंवा आपल्या संस्कृतीचे वैरीही नव्हते. दिलेल्या आकृत्यांवर त्यांनी विमानशास्त्राचे नियम लावून पाहिले, इतकेच.

शिवाय तर्काची एक पायरी आपण विसरतो. क्षणभर धरून चालू की, १८९५ साली चौपाटीवर खरोखरच एक निर्मनुष्य यंत्र उडाले. तरीही राइट बंधूंचे श्रेय हलत नाही. कारण निर्मनुष्य प्रतिकृती उडविल्याचा मान त्यांनी कधी मागितलाच नव्हता. लँगलींचे १८९६ सालचे उड्डाण त्यांना मान्यच होते. माणूस वाहून नेणारे, स्वतःच्या यंत्रावर चालणारे आणि वैमानिकाच्या ताब्यात राहणारे विमान, हा त्यांचा शोध. पंखांना किंचित पीळ देऊन तोल सांभाळण्याची त्यांची युक्ती, आणि हवेचा झोत सोडलेल्या लाकडी पेटीत पंखांचे शेकडो छोटे नमुने तपासण्याचे त्यांचे कष्ट हीच त्यामागची खरी पुंजी.

तळपद्यांचा अभिमान बाळगण्यास कोणाचीच हरकत नसावी. पण ज्या अभिमानाला पुरावा मागितला की राग येतो, तो अभिमान आतून भित्रा असतो. स्मिथसोनियनच्या विद्वानांनी लँगलींवरील प्रेमापोटी जे केले, तेच आपण तळपद्यांवरील प्रेमापोटी करीत आहोत. फरक इतकाच की, त्यांनी अठ्ठावीस वर्षांनी का होईना, फरकांची यादी छापली.

आपल्या वस्तू, आपल्या पाट्या

दुःखाची गोष्ट अशी की, अभिमान बाळगण्यासारख्या सप्रमाण गोष्टी आपल्याजवळ असताना आपण त्यांची हेळसांड करतो. १९७१ च्या युद्धात बंगालच्या उपसागरात पराक्रम गाजविणारी ‘विक्रांत’ ही विमानवाहू नौका १९९७ साली निवृत्त झाली. मुंबईच्या बंदरात काही वर्षे ती तरते संग्रहालय म्हणून उभी होती. हजारो विद्यार्थ्यांनी तिच्या धक्क्यावरून फेरी मारली. २०१२ साली ती लोकांना बंद झाली, पुढे लिलावात विकली गेली आणि २०१४ च्या अखेरीस तिची तोडणी सुरू झाली. तिच्या पोलादाचा काही भाग मोटारसायकलींच्या टाक्यांत गेला. न उडालेल्या विमानासाठी आपण हिरिरीने भांडतो. ज्या नौकेवरून खरीखुरी विमाने उडाली, ती भंगारात जाताना थोडी हळहळ व्यक्त करून गप्प बसतो.

जे उरले आहे ते थोडके नाही. वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रात ‘मारुत’ हे लढाऊ विमान उभे आहे. १७ जून १९६१ रोजी प्रथम उडालेले हे भारतात घडविलेले पहिले जेट लढाऊ विमान. त्याचा आराखडा कुर्ट टँक या जर्मन तज्ज्ञाच्या मार्गदर्शनाखाली बंगळूरला तयार झाला. विमानाची बांधणी उत्तम. पण तिला साजेसे शक्तिशाली इंजिन अखेरपर्यंत मिळाले नाही आणि विमान अपेक्षित वेग गाठू शकले नाही. इंजिनाविना अडलेली ही कर्तबगारी विद्यार्थ्यांना समजावून सांगितली, तर स्वदेशी तंत्रज्ञान म्हणजे काय आणि ते कोठे अडखळते, हे एका दृष्टिक्षेपात कळेल. गोव्यात बोगमाळो येथे नौदलाचे विमान संग्रहालय १९९८ पासून आहे. एकेकाळी एअर इंडियाच्या ताफ्यात असलेले आणि नंतर नौदलाने टेहळणीसाठी वापरलेले सुपर कॉन्स्टेलेशन विमान तेथे पाहावयास मिळते. केरळात थुंबा येथील सेंट मेरी मॅग्डलीनच्या चर्चमध्ये अवकाश संग्रहालय आहे. त्या किनाऱ्यावरून २१ नोव्हेंबर १९६३ रोजी भारतभूमीवरील पहिला अग्निबाण सुटला. तेव्हा चर्चची इमारत हीच कार्यशाळा होती आणि अग्निबाणाचे भाग सायकलवरून नेले जात.

थुंब्याच्या सायकलीचे छायाचित्र आपण कौतुकाने दाखवितो, आणि दाखवावेही. पण १० ऑगस्ट १९७९ रोजी बंगालच्या उपसागरात कोसळलेल्या पहिल्या एसएलव्ही-३ ची हकिकतही तितक्याच ठळकपणे सांगितली गेली पाहिजे. त्या अपयशाची जबाबदारी अध्यक्ष सतीश धवन यांनी पत्रकारांसमोर स्वतःकडे घेतली आणि पुढच्या वर्षी, १८ जुलै १९८० रोजी, यश मिळाले तेव्हा बोलण्यासाठी कलाम यांना पुढे केले, असे कलाम पुढे अनेकदा सांगत. २०१९ साली चांद्रयान-२ चा अवतरक चंद्रावर आदळला, म्हणूनच २३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ अलगद उतरले. पहिल्यातील दोष शोधून दुसरा घडविला गेला. ज्या देशाच्या संग्रहालयात केवळ यशेच मांडलेली असतात, त्या देशातील मुलांना यश आकाशातून पडते असे वाटू लागते.

यासाठी सरकारने काय करावे याची यादी देता येईल. विमाने उन्हापावसात गंजू नयेत म्हणून त्यांवर छप्पर हवे, प्रत्येक संग्रहालयात इतिहासाचा जाणकार अधिकारी हवा, पाटीवरील मजकूर त्याच्या सहीचा हवा आणि तो बदलल्यास बदलाची तारीख व कारण तेथेच नमूद हवे. वॉशिंग्टनच्या राइट विमानावरील कापड १९८५ साली बदलण्यात आले, हे संग्रहालय स्वतःच सांगते. म्हणून त्याच्या लाकडाबद्दल कोणी शंका घेत नाही. यातील कोणत्याही गोष्टीस मोठा खर्च नाही.

पण खर्चाची मुळीच गरज नसलेली एक गोष्ट शिक्षकांच्या हाती आहे. सहलीत मुलांना घेऊन विज्ञान केंद्रात गेल्यावर रांगेने पुढे ढकलण्याची घाई करू नये. एखाद्या विमानापाशी थांबून त्याखालची पाटी एका विद्यार्थ्याला मोठ्याने वाचावयास सांगावी आणि मग तीनच प्रश्न विचारावेत. हे कशावरून म्हणता येते? यात काय सांगितलेले नाही? आणि हे यंत्र घडविताना वा वापरताना कोणाला किंमत द्यावी लागली? या प्रश्नांची उत्तरे मुलांना येणार नाहीत, पुष्कळदा शिक्षकांनाही येणार नाहीत. तशी ती आली नाहीत तर ग्रंथालय आहेच. ज्या वर्गाला हे तीन प्रश्न विचारण्याची सवय लागेल, त्याच्यापुढे खोटी पाटी लावण्याचे धाडस, मग ती वॉशिंग्टनची असो वा आपल्या गावची, पुढे कोणी सहजासहजी करणार नाही.